शिक्षा आणि सिक्खा : सांधणारा न्याय आणि सेवेतून शिक्षण

मराठीत ‘शिक्षा’ म्हटले की दंड आठवतो आणि ‘शिक्षण’ म्हटले की शाळा. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. व्यवहारात मात्र त्यांची फारकत झाली. पालीत ती झाली नाही. तेथे ‘सिक्खा’ म्हणजे शिकणे, सराव करणे, अंगी बाणवणे. आपल्या वसतिगृहातील मुले वंदनेच्या वेळी पंचशील ग्रहण करतात, तेव्हा प्रत्येक शीलात ‘सिक्खापद’ हा शब्द येतो. कोणी वरून दिलेल्या आज्ञेचा तो शब्द नाही. ग्रहण करणाऱ्याने स्वतःहून स्वीकारलेला तो अभ्यासनियम आहे. पाऊल घसरले तर पुन्हा शील ग्रहण करायचे आणि अभ्यास पुढे चालू ठेवायचा, ही त्यामागील धारणा.

प्रश्न उभा राहतो तो वंदना संपल्यानंतर. त्याच मुलांपैकी एखाद्याने सोबत्याच्या पेटीतून पैसे काढले, मारामारी केली, कोणाला आडनावावरून हिणवले, तर आपण त्याला कोणत्या अर्थाने ‘शिक्षा’ करतो? मराठी अर्थाने की पाली अर्थाने? जगभर गेल्या पन्नास वर्षांत याच प्रश्नातून एक विचार आकाराला आला. त्याला ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. मराठीत पुनःस्थापनात्मक न्याय असा जड प्रतिशब्द वापरला जातो. तुटलेले सांधतो तो न्याय, म्हणून या लेखात त्याला ‘सांधणारा न्याय’ असे म्हटले आहे. तरुणांना जबाबदार नागरिक म्हणून उभे करण्यात हा न्याय आणि त्याला जोडून येणारे सेवेतून शिक्षण कसे उपयोगी पडते, आणि त्यांची मर्यादा कोठे आहे, हे समजावून देण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रश्न बदलला की न्याय बदलतो

नेहमीची न्यायपद्धती तीन प्रश्न विचारते : कोणता नियम मोडला, कोणी मोडला, आणि त्याला कोणता दंड द्यावा? या प्रश्नांत ज्याचे नुकसान झाले तो कोठेच नाही. सांधणारा न्याय दुसरे तीन प्रश्न विचारतो : कोणाला इजा झाली, त्याला आता कशाची गरज आहे, आणि ती गरज भागवण्याची जबाबदारी कोणाची? अमेरिकन अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चेंजिंग लेन्सेस’ या ग्रंथात हा फरक मांडला. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स ख्रिस्ती यांनी त्याआधी, १९७७ मध्ये, असे प्रतिपादन केले होते की तंटा ही त्या माणसांची मालमत्ता असते. वकील आणि अधिकारी ती त्यांच्याकडून काढून घेतात आणि मग त्यातून शिकण्याची संधीही त्यांच्या हातून जाते.

प्रत्यक्षातला प्रारंभ कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एल्मिरा या छोट्या गावात झाला असे मानतात. १९७४ च्या मे महिन्यात दोन तरुणांनी नशेत बावीस ठिकाणी नासधूस केली. मोटारींची चाके फाडली, खिडक्या फोडल्या. मार्क यान्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवले की या दोघांनी ज्यांचे नुकसान केले त्यांना समोरासमोर भेटावे. न्यायाधीशांनी ते मान्य केले. ते दोघे दारोदार गेले, आम्हीच हे केले असे सांगितले, नुकसान किती झाले ते ऐकून घेतले आणि पुढे काही महिन्यांत भरपाई केली. तुरुंगात जाण्यापेक्षा ते दार ठोठावणे त्यांना अधिक अवघड गेले असणार, हे कोणीही समजू शकेल. न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदाच केला आणि अल्पवयीनांच्या प्रकरणांत कुटुंब, पीडित व्यक्ती आणि अधिकारी यांनी एकत्र बसून निर्णय करण्याची पद्धत देशभर लागू केली. तेथील मूलनिवासी माओरी समाजाच्या बैठकीच्या परंपरेचा त्यावर मोठा प्रभाव होता.

विनयपिटकातील अनुदूत

ही कल्पना कॅनडाची किंवा न्यूझीलंडची म्हणून आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. भिक्खू संघ हे जगातील प्राचीन निवासी विद्यालयच होते. वेगवेगळ्या कुळांतून, वेगवेगळ्या वयाची माणसे एकत्र राहत, एकत्र भिक्षान्न घेत. तेथे तंटे होणारच. ते कसे शमवावेत याचे नियम विनयपिटकात विस्ताराने आले आहेत. ‘अधिकरणशमथ’ या नावाने तंटा शमवण्याच्या सात रीती तेथे सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली ‘सम्मुखाविनय’ : संबंधित व्यक्ती समोर असल्याखेरीज निर्णय करायचा नाही. पाठीमागे ठरवलेली शिक्षा तेथे न्याय्य ठरत नाही.

चुल्लवग्गातील सुधम्म भिक्खूची कथा तर या विषयाचा उत्तम पाठ आहे. मच्छिकासंड येथे चित्त नावाचे गृहपती राहत. सुधम्म त्यांच्या आश्रयाने तेथे राहत असे. एकदा थोर भिक्खूंना भोजनाचे निमंत्रण देताना चित्ताने सुधम्माला आधी विचारले नाही. त्याचा अहंकार दुखावला. भोजनाची तयारी पाहून तो म्हणाला की सर्व आहे, फक्त तिळाची पोळी तेवढी नाही. अट्ठकथेनुसार चित्ताच्या कुळात पूर्वी कोणी पोळ्या-पक्वान्ने करून विकणारा होता; म्हणजे तो टोमणा जन्मावरून आणि कुळाच्या धंद्यावरून मारलेला होता. आपल्या वाचकांना अशा टोमण्याची धार वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रकरण भगवान बुद्धांपर्यंत गेले. त्यांनी सुधम्माची कानउघाडणी केली आणि संघाने त्याच्यावर ‘पटिसारणीय कम्म’ करावे असे सांगितले. अर्थात, ज्या गृहस्थाला दुखावले त्याच्याकडे परत जाऊन क्षमा मागावी. सुधम्म गेला, परंतु लाजेने तोंड उघडेना, आणि तसाच परतला. येथे बुद्धांनी काय केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. दंड वाढवला नाही. त्याच्याबरोबर एक सोबती भिक्खू, ‘अनुदूत’, देण्यास सांगितले. सुधम्माने क्षमा मागावी. गृहस्थाने ती न दिल्यास अनुदूताने त्याच्या वतीने विनंती करावी. तरीही न दिल्यास अनुदूताने स्वतःच्या आणि नंतर संघाच्या नावाने विनंती करावी. आणि एवढ्यानेही झाले नाही तर गृहस्थाला दिसेल आणि ऐकू येईल अशा अंतरावर सुधम्माकडून दोषाची कबुली घ्यावी.

या एका विधीत सांधणाऱ्या न्यायाची सारी अंगे आहेत. दोष लपवलेला नाही. ज्याला लागले त्याच्या दारात जायचे आहे. क्षमा करण्याची सक्ती गृहस्थावर नाही. आणि चुकणारा एकटा नाही. सारा संघ त्याच्या पाठीशी उभा आहे, त्याची चूक झाकण्यासाठी नव्हे, ती कबूल करण्याचे बळ त्याला यावे म्हणून.

वर्षावासाच्या अखेरीस होणारी ‘पवारणा’ ही अशीच एक रीत. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझ्यात काही दोष दिसला, ऐकला वा शंका आली असेल तर करुणेने सांगा. आरंभ ज्येष्ठापासून होतो. वसतिगृहात ही प्रथा आणायची असेल तर पहिली विनंती मुख्याध्यापक आणि अधीक्षक यांनी करायची, हे त्यातून ओघानेच येते.

वसतिगृहातील एक उदाहरण

समजा, आठवीतल्या मुलाच्या पेटीतून पाचशे रुपये गेले. त्याचे आई-वडील कर्नाटकातल्या उसाच्या फडात आहेत. दिवाळीनंतर निघताना मुकादमाच्या उचलीतून त्यांनी ते पैसे मुलाजवळ ठेवले होते. पैसे दहावीतल्या एका मुलाने घेतले हे उघड झाले. जुना मार्ग ठरलेला आहे : सर्वांसमोर उभे करणे, मारणे, आणि दाखला हातात ठेवणे. मारणे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच निषिद्ध ठरवले आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब कसा जुळतो? आठवीतल्या मुलाला पैसे परत मिळाले नाहीत. त्याची भीती गेली नाही. दहावीतल्याने कोणाचे काय गेले हे समजून घेतले नाही. त्याने फक्त सापडू नये कसे, एवढे शिकून घेतले.

सांधणाऱ्या न्यायाच्या मार्गाने जायचे तर काम पायरीपायरीने होते. पहिली पायरी तयारीची. समजूतदार शिक्षक दोघांशी वेगवेगळे बोलतो. दहावीतला मुलगा कृत्य मान्य करत असेल तरच पुढे जायचे. नाकारत असेल तर ही पद्धत लागू होत नाही, आधी शहानिशा करावी लागते. आठवीतल्या मुलाला समोर बसायचे नसेल तर त्याच्यावर दबाव आणायचा नाही. दुसरी पायरी बैठकीची. वर्तुळात बसायचे, दोघे मुले, दोघांचा विश्वासू एकेक सोबती, अधीक्षक आणि शक्य असल्यास पालक. एका वेळी एकच बोलणार. पहिला शब्द ज्याचे नुकसान झाले त्याचा. ‘का केलेस?’ या प्रश्नाला मुले सहसा खोटे किंवा ‘माहीत नाही’ असे उत्तर देतात. म्हणून विचारायचे ते असे : काय घडले? त्या वेळी मनात काय होते? त्यानंतर कोणाकोणावर परिणाम झाला? आता भरून कसे काढता येईल?

बोलणाऱ्या मोठ्यांनी अंगुत्तर निकायात सांगितलेल्या पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुसऱ्याचा दोष सांगणाऱ्याने योग्य वेळी, खरे, सौम्यपणे, हिताचे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. शिक्षकांच्या दालनात भिंतीवर लावण्याजोगा हा नियम आहे.

तिसरी पायरी कराराची. पैसे किती हप्त्यांत आणि कशातून परत करायचे, आठवीतल्या मुलाला सुरक्षित वाटण्यासाठी काय करायचे, सर्व मुलांचा विश्वास परत मिळवण्यासाठी दहावीतला मुलगा कोणते काम करील, हे साध्या शब्दांत लिहून काढायचे. चौथी पायरी सर्वांत जास्त दुर्लक्षित होते : ठरलेल्या तारखेला पुन्हा बसणे. आणि शेवटची पायरी, प्रकरण संपले असे जाहीर करणे. करार पूर्ण झाल्यावर त्या मुलाला पुन्हा कोणीही ‘चोर’ म्हणायचे नाही. हा नियम शिक्षकांनाही लागू.

कायदा काय म्हणतो

हा विचार भारतीय कायद्याला परका नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. मुलाने नव्याने सुरुवात करावी हे त्यातील एक मूलतत्त्व आहे. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात व त्यांपैकी किमान एक स्त्री असते. कलम १८ नुसार मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशनाचा किंवा देखरेखीखाली समाजसेवेचा आदेश देऊ शकते, अथवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. बागेची निगा, वृद्धांची शुश्रूषा, रुग्णालयात मदत, अशी समाजसेवेची उदाहरणे नियमांत दिली आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तर प्रौढांसाठीही समाजसेवा ही शिक्षा म्हणून प्रथमच आणली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा होते.

मात्र कागदावरची तरतूद आणि न्यायाचा अनुभव यांत अंतर पडू शकते. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या प्रकरणातील अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, त्यात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. तो संताप समजण्याजोगा होता. परंतु त्यावरून सौम्य न्याय म्हणजेच सांधणारा न्याय असा समज होऊ नये. ज्यांनी माणूस गमावला त्यांचा शब्द ज्यात कोठेच नाही, ती अट सौम्य असेल. सांधणारी खचितच नव्हे.

सेवा आणि वेठ

सांधणाऱ्या न्यायाची दुसरी बाजू सेवेतून शिक्षण. महाराष्ट्राला ही परंपरा मोठी आहे. संत गाडगेबाबांनी हाती झाडू घेऊन गावेच्या गावे शिकवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, राबली आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने शिकली. बाबा आमटे यांनी सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे निवासी शिबिर करतो. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्यायचे तर २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातून जे तीन तालुके निवडले गेले, त्यांत अंबाजोगाई हा एक होता. उन्हाळ्याच्या कडाक्यात गावोगावच्या लोकांनी श्रमदानाने बांध आणि चर खोदले.

श्रमदान आणि सेवेतून शिक्षण यांत मात्र थोडा भेद आहे. चर खोदून मुले घरी परतली तर ते श्रमदान झाले. खोदण्यापूर्वी त्यांनी गावाचा उतार मोजला, पाणी कोणाच्या विहिरीला लागेल आणि कोणाच्या लागणार नाही हे गावकऱ्यांना विचारले, आणि काम झाल्यावर आपण काय पाहिले ते एकमेकांना सांगितले, तर ते सेवेतून शिक्षण झाले. भूगोल, गणित, समाजशास्त्र आणि मैत्री हे सारे विषय त्या एका चरात येतात.

येथे आपल्या समाजाने एक गोष्ट जागरूकपणे सांभाळली पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांवर गावकीची कामे जन्माने लादली गेली, मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोहोचवणे, रात्री-अपरात्री राबणे, त्यांना सक्तीची सेवा म्हणजे काय हे ठाऊक आहे. तिचे नाव वेठ. महार वतनाची ही गुलामी संपावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. तेव्हा चुकलेल्या मुलाला ‘जा, संडास धू’ असे सांगणे ही सेवा होत नाही. त्यातून मुलगा दोन खोट्या गोष्टी शिकतो : एक, सफाईचे काम हे अपमानाचे काम आहे, दुसरी, ते अपमानितांनीच करायचे असते. वसतिगृहाची सफाई पाळीपाळीने सर्वांनी करावी आणि शिक्षकांनीही तीत वाटा उचलावा. चूक भरून काढण्याचे काम मात्र त्या चुकीशी जोडलेले असावे आणि ते त्या मुलाने बैठकीत स्वतः सुचवलेले असावे. ज्याने लहान मुलाला मारले त्याने महिनाभर लहान मुलांचा अभ्यास घ्यावा. ज्याने खिडकी फोडली त्याने सुताराच्या हाताखाली काम करून ती बसवावी. अशा कामातून हात शिकतो आणि मनही.

अंगुलिमालाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तो भिक्खू झाल्यावरही श्रावस्तीत लोकांनी त्याला दगड मारले, आणि रक्तबंबाळ होऊन परतल्यावर ते सोसावे असेच बुद्धांनी त्याला सांगितले. परंतु त्याच कथेत अडलेल्या बाळंतिणीसाठी मंगल वचन उच्चारण्यास बुद्धांनी त्यालाच पाठवले. ज्या हातांनी जीव घेतले त्याच माणसाला जीव वाचवण्याच्या कामी लावले. लोकांचा राग खरा मानला आणि त्या माणसातली शक्यताही खरी मानली.

कोठे समेट करू नये

या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. ‘मिटवून घ्या’ हे शब्द आपल्या वस्त्यांनी फार ऐकले आहेत. अत्याचार झाला की गावातली वजनदार माणसे दारात येतात, गावाची बदनामी नको म्हणतात, आणि तक्रार मागे घ्यायला लावतात. त्यामुळे सांधणाऱ्या न्यायाचे नाव निघताच अनुभवी माणसाच्या मनात शंका यावी, हे स्वाभाविकच आहे.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली. बांधाचे, वाटणीचे, किरकोळ भांडणाचे वाद गावातच मिटावेत हा तिचा हेतू होता, आणि तो उपयुक्त होता. परंतु समिती कोणाची, बोलणारा कोण आणि गप्प बसणारा कोण, यावर अशा बैठकीचा न्याय अवलंबून असतो. जातपंचायतींनी न्यायाच्या नावाखाली वाळीत टाकले, दंड वसूल केले. त्याविरुद्ध महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला, जो २०१७ मध्ये अमलात आला. वर्तुळात बसले म्हणजे सर्व समान झाले असे होत नाही.

विनयपिटकाने हा धोका ओळखला होता. अधिकरणशमथाची सातवी रीत ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकणे. दोन गटांचे भांडण इतके विकोपाला गेले की उकरत बसल्यास आणखी चिघळेल, तेव्हा दोन्ही बाजूंनी सर्वांच्या वतीने चूक मान्य करून ते एकदाचे झाकावे. परंतु तेथेच दोन अपवाद घातले आहेत : गंभीर दोष आणि गृहस्थांशी संबंधित दोष यांवर गवत घालता येत नाही. संघाच्या शांततेसाठी संघाबाहेरच्या माणसाचा न्याय खर्ची घालायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

आपल्या शाळेपुरते हे अपवाद स्पष्ट लिहून ठेवावेत. लैंगिक अत्याचार, मग तो मुलाने केलेला असो वा मोठ्याने, बैठकीत घ्यायचा नाही; २०१२ च्या पोक्सो कायद्याने त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्यात तडजोडीला जागा नाही. बालविवाहाची वार्ता लागली तर समजुतीच्या बैठकीवर न थांबता १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवावे. आणि शिक्षक किंवा कर्मचाऱ्याने मुलाला इजा केली असेल तर संस्थेने स्वतःच स्वतःचा न्याय करू नये. क्षमा हा पीडिताचा अधिकार आहे. तो त्याच्याकडून मागता येतो, वसूल करता येत नाही.

बीडमध्येच याची निकड का

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीनंतर गावे ओस पडतात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत. मुले आजी-आजोबांजवळ, हंगामी वसतिगृहांत किंवा आपल्यासारख्या निवासी शाळांत राहतात. या जिल्ह्यात शाळेतून नाव कमी करणे हा साधा प्रशासकीय निर्णय राहत नाही. मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुधा कोयता, आणि मुलीच्या बाबतीत अनेकदा लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे दिसले. पाचशे रुपयांच्या चुकीची किंमत एवढी असू नये.

दुसरे कारण अलीकडच्या काळाचे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड आणि माजलगाव येथे जाळपोळ झाली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर जातीजातींतील संशय इतका वाढला की २०२५ मध्ये बीड पोलीस दलाने नावाच्या पाट्यांवर आडनाव न लिहिता केवळ नाव लिहिण्याचा उपक्रम केला. हत्येचा न्याय न्यायालयातच झाला पाहिजे. तेथे वर्तुळाला जागा नाही. परंतु उद्याचा तरुण दगड उचलण्यापूर्वी थांबेल की नाही, हे तो सोळाव्या वर्षी भांडण कसे मिटवायला शिकला यावर काही अंशी ठरते. ते शिकवण्याची जागा वसतिगृहाच्या दालनाहून चांगली दुसरी कोणती? शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या मुळाशी मानला. दुष्काळाच्या छायेत वाढणाऱ्या मुलांना ती कथा जवळची वाटते. युद्धाला नकार देणारा तरुणही त्यांना जवळचा वाटला पाहिजे.

आपण काय करू शकतो

पालकांना विनंती अशी की प्रवेशाच्या वेळीच शाळेला विचारावे : माझ्या मुलाने चूक केली तर तुम्ही काय कराल, आणि माझ्या मुलावर अन्याय झाला तर त्याचे कोण ऐकेल? फडावर असलेल्या पालकांना बैठकीसाठी परत येणे परवडत नाही. एका खेपेची मजुरी बुडते आणि मुकादम उचलीचा हिशेब काढतो. म्हणून बैठक संध्याकाळी, कोपीवर परतल्यानंतरच्या वेळी ठेवून त्यांना दूरध्वनीवरून सामील करून घेता येते. शिक्षकांनी प्रवारणेचा दिवस, आश्विन पौर्णिमा, वसतिगृहाच्या वार्षिक आत्मपरीक्षणाचा दिवस म्हणून पाळावा आणि पहिले बोलावणे स्वतःपासून करावे.

माजी विद्यार्थ्यांकडे मागणे थोडे वेगळे आहे. देणगी, संगणक, पुस्तके यांचे मोल आहेच. त्याहून दुर्मिळ गोष्ट म्हणजे वेळ. ज्या मुलाला क्षमा मागायला जायचे आहे पण पाय उचलत नाही, त्याच्याबरोबर चालणारा अनुदूत शाळेला हवा आहे. वकील झालेल्यांनी मुलांना त्यांचे हक्क समजावून सांगावेत. परिचारिका, अभियंते, शेतकरी, सुतार, वाहनचालक झालेल्यांनी आपल्या कामावर एखाद्या मुलाला सुट्टीत सोबत घेऊन सेवा शिकवावी. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात पहिले विद्यार्थी वसतिगृह उघडले, तेव्हा गावाने बाहेर ठेवलेल्या मुलांसाठी ते एक घर होते. ज्यांना जगाने बाहेर ठेवले त्यांच्यासाठी जी घरे उभी राहिली, त्यांनी आपल्याच एखाद्या मुलाला बाहेर काढण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, आणि त्याआधी त्याच्याबरोबर एक सोबती द्यावा.